लॅपटॉप आपल्या ताब्यात घेताना

हा लेख ज्या लॅपटॉपवर लिहितोय तो २०१८ सालचा थिंकपॅड टी४८० आहे. माझ्याकडे तो वापरलेलाच आला. कोपरे घासलेले, मधल्या ओळीतल्या कळांवरची अक्षरं पुसट. पहिल्याच संध्याकाळी तो उलटा केला, खालचे स्क्रू सैल केले आणि एका जुन्या प्लास्टिक कार्डाची कड फटीतून फिरवली, तसे झाकणाचे खटके टक् टक् करत एकेक सुटत गेले. आत सगळं मांडून ठेवल्यासारखं होतं: दोन खाचांत बसणारी रॅम, एका बाजूला एसएसडी (फिरता भाग नसलेली, फाइली साठवणारी डिस्क), वाय-फायचं पोस्टाच्या तिकिटाएवढं कार्ड, पंखा. ८ जीबी रॅमची १६ करायला दहा मिनिटं लागली. त्यावर लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायला अर्धा तास.

त्याआधीचा माझा लॅपटॉप नवाकोरा आणि देखणा होता. त्याची ४ जीबी रॅम मदरबोर्डावरच सोल्डर केलेली होती, म्हणजे ती वाढवायची सोयच नव्हती. तिसऱ्या वर्षी ब्राउझरच्या सात-आठ टॅब उघडल्या की तो गुदमरायचा. सोबत आलेली सिस्टीम दर अपडेटला जड होत गेली आणि ती काढून दुसरी घालावी, तर त्यातल्या वाय-फाय चिपला ड्रायव्हरच (ती चिप चालवून देणारं सॉफ्टवेअर) मिळेना. बिघडलेलं काहीच नव्हतं, तरी यंत्र बाद झालं. त्याचा मला आजही राग येतो. तेव्हापासून कुठलाही लॅपटॉप बघताना मी आधी दोनच प्रश्न विचारतो: याचं झाकण मला उघडता येईल का, आणि याच्यातलं सॉफ्टवेअर मला बदलता येईल का? जाडी, वजन, रंग, जाहिरातीतला वेग हे सगळं त्यानंतर.

ज्यांनी आजवर लॅपटॉपसोबत जे आलं तेच वापरलं, आणि आता मुक्तस्रोत सॉफ्टवेअरकडे वळावंसं वाटतंय पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, त्यांच्यासाठी ही वाट लिहितोय. घाई न करता महिनाभरात होईल एवढंच काम आहे.

फुकट आणि मुक्त

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दामुळे वर्षानुवर्षं घोळ झाला आहे. आपल्याकडे सुदैवाने दोन वेगळे शब्द आहेत. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड वाचायला, बदलायला आणि बदललेला पुढे वाटायला परवानगी आहे. बरीच फुकट ॲप्स मुक्त नसतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाची घोषणा केली ती या दुसऱ्या अर्थासाठी. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने आपला छंद म्हणून लिहिलेल्या कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, बातमी जगाला दिली (हाच लिनक्स) आणि पुढच्याच वर्षी तो कर्नल ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली आणला. या परवान्याची अट साधी आहे: कोड बदला, वाटा, विका, पण ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला त्याचा कोडही द्या. 'ओपन सोर्स' हा शब्द त्यानंतरचा, १९९८ चा.

"मला कोड वाचता येत नाही, मग मला काय त्याचं?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत.

एक लिबरऑफिसचं. २०१० मध्ये ओपनऑफिस (वर्ड-एक्सेलसारख्या कामांचा मुक्त संच) हा प्रकल्प ज्या कंपनीकडे होता ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली. पुढे काय होणार याची खात्री वाटेना, तेव्हा काम करणाऱ्यांपैकी बरेच जण कोड घेऊन बाहेर पडले आणि लिबरऑफिस या नावाने तो पुढे नेऊ लागले. वापरणाऱ्यांच्या फाइली उघडत राहिल्या. कोड बंद असता, तर मालकाच्या मर्जीवर सगळं लटकलं असतं.

दुसरं उत्तर २०२४ चं. फाइली आक्रसून लहान करणारं एक्सझेड नावाचं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्यात कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून, आतून चोरवाट पेरली होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की दूरच्या यंत्रात लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने माग काढला आणि २९ मार्चला सगळं उघड केलं. बहुतेक लोकांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ती चोरवाट पोहोचलीही नव्हती. कोड उघडा आहे म्हणून तो आपोआप सुरक्षित होतो असं मी म्हणणार नाही. चोरवाट पेरली गेलीच होती. पण संशय आल्यावर माग काढायला कुणाची परवानगी लागली नाही, हे माझ्यासाठी फार मोलाचं आहे.

पहिली पायरी: आधी ॲप्स बदला, सिस्टीम नंतर

उत्साहाच्या भरात पहिल्याच रात्री लिनक्स टाकणारे आणि आठवड्याच्या आत परत फिरणारे मी बरेच पाहिलेत. त्यांचं चुकतं ते इथे: एकाच वेळी घर, भांडीकुंडी आणि शेजार सगळंच बदलायला जातात. तुमची विंडोज किंवा मॅक आहे तशी राहू द्या आणि त्यावरच मुक्तस्रोत ॲप्स टाका. ब्राउझर म्हणून फायरफॉक्स, कागदपत्रांसाठी लिबरऑफिस, मेलसाठी थंडरबर्ड, व्हिडिओसाठी व्हीएलसी, चित्रांसाठी क्रिटा किंवा गिंप, पासवर्डसाठी कीपासएक्ससी. ही सगळी तिन्ही सिस्टीमवर चालतात. तीन आठवडे रोजची कामं यांच्यातच करा. पुढे सिस्टीम बदलली तरी हात ज्यांना सरावलेत ती साधनं तीच राहतील.

या काळात एक वही जवळ ठेवा आणि जे अडलं ते लिहा. ही वहीच पुढे सांगेल की तुम्ही लिनक्सवर जावं की नाही. फोटोशॉप किंवा ऑटोकॅडवर पोट असेल तर ती लिनक्ससाठी निघतच नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगतो. एक्सेलमध्ये मोठमोठे मॅक्रो लिहिलेले असतील तर ते लिबरऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतील अशी आशा धरू नका. स्टीम या गेम्सच्या दुकानातले बरेच विंडोज गेम्स प्रोटॉन नावाच्या साधनामुळे लिनक्सवर छान चालतात, पण कर्नलमध्ये घुसून नजर ठेवणारी अँटी-चीट प्रणाली असलेले बहुतेक ऑनलाइन गेम्स चालत नाहीत. अशी एखादी गोष्ट तुमच्यासाठी अत्यावश्यक असेल, तर ॲप्स बदलून थांबा. तेवढंही पुष्कळ आहे.

लिबरऑफिसबद्दलची नेहमीची तक्रार अशी की दुसऱ्याने पाठवलेल्या वर्ड फाइलची मांडणी विस्कटते. बहुतेक वेळा दोष फॉन्टचा असतो. फाइल कॅलिब्रीत लिहिलेली असते, तुमच्याकडे कॅलिब्री नसतो, मग दुसराच फॉन्ट येतो, त्याची अक्षरं जरा रुंद असतात आणि तिसऱ्या पानावरचा तक्ता चौथ्यावर ढकलला जातो. कार्लिटो नावाचा मुक्त फॉन्ट टाका. त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन कुळातले फॉन्ट तेच काम करतात. कुणाला फक्त वाचायला द्यायची असेल तर फाइल पीडीएफ करून पाठवा.

दुसरी पायरी: हातात आहे तो लॅपटॉप तपासा

नवीन घ्यायची घाई करू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) किंवा प्रोसेसरच्या यादीच्या अटीमुळे अनेक धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ च्या दारातच अडले. लिनक्ससाठी सगळ्यात चांगले उमेदवार नेमके तेच आहेत. त्यांचे भाग इतके जुने की कर्नलमध्ये ड्रायव्हर कधीचे आलेले, आणि इतके नवे की वेग पुरेसा.

तीन गोष्टी बघा. प्रोसेसर ६४-बिट हवा, गेल्या दहा-बारा वर्षांतला जवळपास प्रत्येक असतो. रॅम ८ जीबी असावी. ४ वर चालतं, पण हलक्या डेस्कटॉपवर आणि मोजक्या टॅबवर. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: आत फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी? हार्ड डिस्क असेल तर बाकी काहीही करण्याआधी ती बदला. जुन्या यंत्राला नवा जीव येतो तो प्रोसेसरने नव्हे, एसएसडीने. पाच मिनिटं गुरगुरत सुरू होणारा लॅपटॉप एसएसडी बसवल्यावर वीस-पंचवीस सेकंदांत कामाला लागलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. सिस्टीम तीच, फक्त डिस्क बदललेली.

मग वाय-फायची चिप आणि ग्राफिक्स कुणाचं आहे ते नोंदवा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसतं. इंटेलचं वाय-फाय असेल तर निश्चिंत राहा. ब्रॉडकॉम असेल तर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागण्याची शक्यता मोठी. ग्राफिक्स इंटेल किंवा एएमडीचं असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. एनव्हीडियासाठी कंपनीचा बंद ड्रायव्हर घ्यावा लागतो. तो चालतो, पण लॅपटॉप झोपवून उठवताना कधीमधी कुरबुर करतो. २०२२ मध्ये एनव्हीडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केल्यापासून परिस्थिती सुधारते आहे.

तिसरी पायरी: घ्यायचाच असेल तर

इथे माझी मतं ठाम आहेत. कार्यालयांसाठी बनवलेल्या मालिकेतला तीन-चार वर्षं वापरलेला लॅपटॉप हा, त्याच पैशात मिळणाऱ्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा नवशिक्याला जास्त साथ देतो. थिंकपॅडची टी मालिका, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक या यंत्रांची बिजागरी रोज दहा वेळा उघडमिट होणार हे धरून केलेली असते, कीबोर्ड तासन् तास टंकण्याजोगा असतो, आणि मुख्य म्हणजे कोणता स्क्रू कुठे हे दाखवणारी दुरुस्तीची पुस्तिका कंपनी स्वतः उघडपणे देते. ती पुस्तिका घ्यायच्या आधीच उघडा. रॅम आणि एसएसडी काढायची पानं त्यात नसतील तर तो लॅपटॉप सोडून द्या. एकाच मालिकेतही फरक पडतो: नावात 'एस' असलेल्या सडपातळ आवृत्त्यांत रॅम बऱ्याचदा सोल्डर केलेली सापडते.

नवाच हवा असेल तर फ्रेमवर्कचे लॅपटॉप बघण्यासारखे आहेत. पोर्टपासून मदरबोर्डापर्यंत सगळं सुटं काढता येतं. सिस्टीम७६ आणि टक्सेडो या कंपन्या लिनक्स घालूनच विकतात. मात्र नुकतंच बाजारात आलेलं मॉडेल पहिल्या काही महिन्यांत टाळा, त्याचे ड्रायव्हर कर्नलमध्ये यायला वेळ लागतो. आणि एआरएम (इंटेल-एएमडीहून वेगळ्या, फोनमध्ये असतो तशा घडणीच्या) प्रोसेसरचे लॅपटॉप कितीही मोहक वाटले तरी पहिल्या लिनक्ससाठी घेऊ नका. ॲपलच्या एम१, एम२ यंत्रांवर आसाही लिनक्सच्या लोकांनी अफाट काम केलंय, पण ती वाट सरावलेल्यांची आहे.

वापरलेला लॅपटॉप हातात घेतला की मी काय करतो ते सांगतो. पडदा एका हाताने हळूच पंचेचाळीस अंशांवर आणून सोडतो. तो खाली कलला तर बिजागरी गेलेली. कोरी फाइल उघडून कीबोर्डची प्रत्येक कळ दाबतो, कोपऱ्यातल्यासुद्धा. चार्जरची पिन घालून हलकेच हलवतो आणि चार्जिंगची खूण लुकलुकते का बघतो. मग बॅटरी. विंडोज असेल तर कमांडच्या काळ्या खिडकीत रोमन अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं लिहिलं की एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे शोधायचे: बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता. मूळ ५० वॅट-तास आणि आज ३० असेल, तर बॅटरी ६० टक्क्यांवर आली. ती बदलायचा खर्च धरूनच सौदा करा. शेवटी यंत्र पुन्हा सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे सिस्टीमच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बघतो. तिथे पासवर्ड मागितला आणि देणाऱ्याला तो माहीत नसेल, तर लॅपटॉप परत द्यायचा, कितीही स्वस्त असला तरी. आधीच्या कंपनीने लावलेलं कुलूप तुम्हाला निघणार नाही.

चौथी पायरी: कोणतं लिनक्स?

लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. पुढच्या पायरीवर चला.

एवढ्यावर समाधान होत नसेल तर कारण सांगतो. लिनक्स हा कर्नल. त्याभोवती डेस्कटॉप, ॲप्स, अपडेटची व्यवस्था बांधून जो पूर्ण संच देतात त्याला डिस्ट्रो म्हणतात, आणि त्या शेकड्याने आहेत. मिंट २००६ पासून चालू आहे, ती उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर उभी असते, म्हणजे पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात, आणि तिचा डेस्कटॉप विंडोज वापरलेल्याला अनोळखी वाटत नाही. लॅपटॉप अगदी नवा असेल तर फेडोरा घ्या, तिच्यात कर्नल ताजा असतो. ४ जीबी रॅमच्या यंत्राला मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती. डिस्ट्रो निवडण्यात आठवडे घालवू नका. फायरफॉक्स सगळीकडे तोच आहे.

पाचवी पायरी: बॅकअप, मग पेनड्राइव्ह

आधी बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर सगळ्या फाइली घ्या, ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि पाच-सहा फाइली उघडून बघा. न उघडून बघितलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या; त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एका फाइलीत) उतरवा, साधारण ३ जीबीची असते. सोबत ६४ अक्षरांची एक माळ दिलेली असते, तिला चेकसम म्हणतात. उतरवलेल्या फाइलचा चेकसम काढून तो या माळेशी जुळवा. फाइल अर्धवट उतरली असेल किंवा कुणी मध्ये हात घातला असेल तर तो जुळणार नाही. बहुतेक जण ही पायरी गाळतात, तुम्ही गाळू नका. मग एचर किंवा रूफस या साधनाने आयएसओ पेनड्राइव्हवर लिहा. नुसती फाइल कॉपी करून चालत नाही.

सहावी पायरी: आधी वापरून बघा

लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी सोय हीच. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा: लेनोवो आणि डेलवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, आसूसवर एस्केप. पेनड्राइव्ह निवडला की दोन-तीन मिनिटांत पूर्ण डेस्कटॉप समोर येतो, आणि तुमच्या डिस्कवरची एकही फाइल हललेली नसते. बंद केलं की सगळं होतं तसं.

आता तासभर बसून तपासा. वाय-फाय जोडा, एक व्हिडिओ लावा. आवाज येतो का, माइकमध्ये बोलून रेकॉर्ड होतं का, कॅमेऱ्यात चेहरा दिसतो का, उजेड कमीजास्त करणाऱ्या कळा चालतात का, ब्लूटूथ, बाहेरचा पडदा. काही नव्या लॅपटॉपमधले कॅमेरे अजून त्रास देतात आणि बोटांचे ठसे वाचणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांना ड्रायव्हर नाहीत. ठशावाचून चालत असेल तर तेवढं सोडून द्या. मग झाकण मिटा, पाच मिनिटांनी उघडा. पडदा जागा झाला, कीबोर्ड आणि वाय-फाय परत आलं, तर लॅपटॉपची सगळ्यात अवघड परीक्षा तो पास झाला. काही नवी यंत्रं झोपेतही अर्धवट जागी असतात आणि बॅगेत ठेवल्या ठेवल्या तापून बॅटरी संपवतात. बायोसमध्ये झोपेचा जुना प्रकार, म्हणजे एस३, निवडायची सोय असेल तर तो निवडा.

सातवी पायरी: इन्स्टॉल

सगळ्यात सुरक्षित पद्धत मी इतरांनाही तीच सांगतो: नवी एसएसडी आणा, जुनी काढून पाकिटात घालून वर तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. विंडोज जशीच्या तशी त्यात आहे. लिनक्स नाही जमलं तर जुनी परत बसवा, दहा मिनिटांचं काम. झाकण उघडता येण्याचा फायदा तो हा.

एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायच्या असतील तर विंडोजमध्ये असतानाच तीन कामं उरका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा. नाहीतर बूटची व्यवस्था बदलल्याबरोबर विंडोज ती मागेल आणि तुमच्याकडे नसेल. फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि तिचं पार्टिशन (डिस्कवरचा तिचा कप्पा) अडकून राहतं. आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन आक्रसून निदान ६० जीबी जागा मोकळी करा.

इन्स्टॉलर सुरू झाल्यावर डिस्क दिसतच नसेल तर घाबरू नका. बहुधा बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर असतं, ते एएचसीआय करावं लागतं. विंडोज ठेवणार असाल तर मात्र हा बदल करण्याआधी त्याबद्दल नीट वाचा, नाहीतर ती सुरू होणार नाही. 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय अक्षरशः पुसतो, म्हणून समोर दिसणारं डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाचा.

इथेच डिस्क एन्क्रिप्ट करायचा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करायचा, पर्याय येतो. तो निवडा. लॅपटॉप ही हरवणारी, विसरली जाणारी, चोरीला जाणारी वस्तू आहे, आणि लॉगिनचा पासवर्ड डिस्क बाहेर काढणाऱ्याला अडवत नाही. नंतर हे करणं फार खटपटीचं होतं. सुरू होताना एक पासवर्ड जास्त द्यावा लागेल, एवढीच किंमत. तो विसरलात तर मात्र फाइली कायमच्या गेल्या, म्हणून कागदावर लिहून घरात जपून ठेवा.

आठवी पायरी: पहिली संध्याकाळ

अपडेट मॅनेजर उघडून सगळी अपडेट्स घ्या. एनव्हीडिया किंवा ब्रॉडकॉम असेल तर ड्रायव्हर मॅनेजर. टाइमशिफ्ट चालू करा. ते सिस्टीमचे फोटो काढून ठेवतं आणि एखाद्या अपडेटने गडबड केली तर कालच्या अवस्थेत परत नेतं. पण तुमच्या फाइली ते मुळात धरत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो? मग चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय शोधा. लिथियम बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये आणि जिनोम या डेस्कटॉपच्या ४८ व्या आवृत्तीपासून हे सेटिंगमध्येच आहे, इतरत्र टीएलपी नावाचं साधन ते करतं. कोणत्या लॅपटॉपवर चालेल हे त्याच्या बनावटीवर ठरतं.

मग मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा जोडा. फोनेटिकची सवय असलेल्यांना पहिले दहा दिवस जड जातात, पण शिकण्यासारखा आहे: स्वर डाव्या हाताखाली, व्यंजनं उजव्या हाताखाली, आणि कळांच्या जागा प्रत्येक सिस्टीमवर त्याच. 'दुसऱ्या' मधला ऱ्या घ्या, ज्यावर भलेभले अडतात. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी म्हणजे हलंत, मग तिरप्या रेघेच्या कळेवर य, आणि ई वर काना. एकदा बोटांत बसलं की 'दुसर्‍या'साठी कुठून तरी अक्षर चिकटवायची वेळ येत नाही.

नववी पायरी: रोजच्या सवयी

सॉफ्टवेअर शोधून कुठल्याही साइटवरून उतरवायची विंडोजची सवय इथे सोडा. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा आणि तिथून घ्या. सिस्टीमच्या अपडेटसोबत तीही ताजी होत राहतात. एकच ॲप कधी सिस्टीम पॅकेज (डिस्ट्रोने दिलेलं) आणि फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं) अशा दोन रूपांत दिसेल. फ्लॅटपॅक बहुधा नवं असतं आणि जागा जास्त खातं. मिंट २२ पासून ज्यांच्या कर्त्याची खात्री झालेली नाही अशी फ्लॅटपॅक सुरुवातीला दाखवतच नाही, ते तसंच राहू द्या.

टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीची, भीती बाळगायचं कारण नाही, पण जी ओळ समजत नाही ती तिथे चिकटवू नका. विशेषतः सुडो या शब्दाने सुरू होणारी. सुडो म्हणजे यंत्राच्या सगळ्या किल्ल्या त्या ओळीच्या हातात देणं.

अडलं की विचारा, पण नीट विचारा. "वाय-फाय चालत नाही" एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, डिस्ट्रोची आवृत्ती, वाय-फाय चिपचं नाव, नेमकं काय केल्यावर काय झालं, आणि त्रुटीचा संदेश शब्दशः. एवढं लिहिता लिहिताच मला निम्म्या वेळा उत्तर सापडलंय.

दहावी पायरी: हातभार

ही पायरी पहिल्या महिन्यातच चढा, ती तज्ज्ञांसाठी राखीव नाही. रोज वापरता त्या प्रकल्पाला जमेल तेवढी देणगी द्या. दोष सापडला तर तो दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत पोहोचवा. आणि मराठी अनुवाद बघा: अनेक ॲप्सचं मराठी रूप अर्धवट पडून आहे, आणि ते पुरं करायला कोड यावा लागत नाही, मराठी यावं लागतं.

माझा पहिला हातभार एका शब्दाचा होता. मी वापरत होतो त्या एका छोट्या संपादकाच्या मेनूत फाइल सेव्ह करण्यासाठी 'वाचवा' असं लिहिलं होतं, जणू फाइल पाण्यात बुडते आहे. मी 'जतन करा' असं सुचवलं आणि कारण दोन ओळींत लिहिलं. कुणीतरी ते तपासलं, मान्य केलं, आणि काही आठवड्यांनी अपडेट घेतल्यावर मेनू उघडला तर तिथे 'जतन करा' होतं.